पंधरावी काठी

आमच्या घरमालकाच्या संडासात माझ्या आईचं नाव लिहिलेलं होतं. आईला हे कळलं तेव्हा तिने दोन दिवस त्याच्याकडे बघून हसणं बंद केलं. बोलणं बंद करायची सोय नव्हती, कारण तिला इंग्रजी बोलायचा कंटाळा आणि त्याला मराठीतलं 'या, बसा' सोडून काही येत नव्हतं.

"एवढ्या मोठ्या घरात नाव लिहायला दुसरी जागा नाही का मिळाली त्यांना?" ती म्हणाली.

मी त्याला विचारलं तर त्याला माझा प्रश्नच कळेना. हॉलंडमध्ये म्हणे घरोघरी वाढदिवसांचं कॅलेंडर तिथेच टांगतात. त्यावर वार नसतात, नुसत्या तारखा, त्यामुळे ते जन्मभर पुरतं. माणूस रोज तिथे जाऊन बसतो, समोर बघतो आणि कुणाचा वाढदिवस विसरत नाही. "स्वयंपाकघरात लिहिलं असतं तर विसरलो असतो," तो म्हणाला. तो बोलायचा अर्थात इंग्रजीत, आणि तेही तोडून तोडून, पण आता मला त्याचं सगळं बोलणं मराठीतच आठवतं. आईच्या वाढदिवसाला तो सकाळी बरोबर दहाला आमच्या दारात उभा राहिला आणि त्याने आधी आईचं, मग माझं, मग माझ्या बायकोचं, एकेकाचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. आमचं कशाला, तर आई आमची म्हणून. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. त्या दिवसापासून आई परत हसायला लागली.

असे त्याचे किस्से मी मित्रांना पुष्कळ सांगितले आहेत. ऑकलंडमध्ये बॉटनी डाउन्सला आमचा मराठी कट्टा जमायचा, तिथे "तुझ्या डच मालकाचं काय नवीन?" हा ठरलेला प्रश्न होता. पण एक गोष्ट मी तिथे कधी सांगितली नाही. मी त्या माणसाचं एक नुकसान केलं आणि चार वर्षं त्याला ते कळू दिलं नाही. आज तीच लिहायला बसलोय, पण तिच्याकडे जायच्या आधी तो कसा होता हे सांगायला हवं, नाहीतर मी काय घालवलं ते कळायचं नाही.

आम्ही २०११ साली पुण्याहून ऑकलंडला आलो आणि टाकानिनीला त्याच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिलो. पुढच्या भागात तो एकटा राहायचा. बायको इथलीच होती, तिच्यासाठी तो हॉलंड सोडून आला आणि पुढे ती त्याला सोडून गेली, एवढंच मला माहीत होतं. मधे सामाईक गॅरेज. तो व्यावसायिक गोल्फपटू होता. गोल्फपटू म्हणजे श्रीमंत, अशी माझी समजूत. त्याची गाडी पाहून ती पहिल्याच दिवशी दूर झाली. तरुणपणी अकरा वर्षं तो युरोपभर दुय्यम दर्जाच्या स्पर्धा खेळत हिंडला, त्यातली निम्मी वर्षं एका जुन्या व्हॅनमध्ये झोपून. जिंकला एकही नाही. "मी सतरा देशांत हरलोय," हे वाक्य तो दुसरा एखादा पदवी सांगेल तशा सुरात सांगायचा.

त्याच्या खिडक्यांना पडदे नव्हते. संध्याकाळी दिवे लावून तो पुढच्या खोलीत जेवायचा आणि रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या ताटात काय आहे ते दिसायचं. दुपारी साडेबाराला पाव, लोणी आणि त्यावर चॉकलेटचा चुरा. पन्नाशीकडे झुकलेला सहा फुटी माणूस असं पोराबाळांसारखं काहीतरी गंभीर चेहऱ्याने खातोय हे बघून बायकोला रोज नव्याने हसू यायचं. तिने एकदा पोहे नेऊन दिले. त्याने एक घास खाल्ला, नीट विचार केला आणि म्हणाला, "मीठ जास्त आहे. बाकी चांगलं." बायको पाय आपटत परत आली. पण मग माझ्या लक्षात आलं की तो 'चांगलं' म्हणतो तेव्हा ते खरंच चांगलं असतं, आणि अशी माणसं आपल्या ओळखीत फार नसतात.

रविवारी आम्ही मेथी-कोथिंबिरीसाठी अवोन्डेलच्या बाजाराला जायचो. तोही यायचा. तिथे एक म्हातारा जुनं सामान विकायला बसायचा, त्यात कुणाकुणाचे गोल्फचे जुने संच असत. हा तिथे उकिडवा बसून एकेक काठी उचलायचा. काठी म्हटलेलं त्याला खपत नसे, क्लब म्हण म्हणायचा, पण आमच्या घरात काठीच रूढ झालं होतं. काठीच्या खालच्या लोखंडावर झिजलेली जागा बघून तो मालकाचं वर्णन सांगायचा. "हा माणूस घाईत असायचा." "ही बाई होती. फार छान खेळायची, पण तिला कुणी सांगितलं नाही." विकत काही घ्यायचा नाही. सगळं जागच्या जागी ठेवून उठायचा आणि हात झटकायचा.

पोटापाण्यासाठी तो जवळच्या ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे गोल्फच्या सरावाच्या मैदानावर, शिकवत असे. त्याची शिकवायची तऱ्हा अशी की पहिले तीन तास तो कुणाला बॉलला हात लावू द्यायचा नाही. नुसतं चालवायचा. "बॉल मारायला सगळे मिळून पाच मिनिटं लागतात. उरलेले चार तास चालायचं असतं. तुला चालता येतं का?" हौसेने आलेले लोक दुसऱ्या तासाला गायब होत. मीही एकदा गेलो होतो, चाळीस मिनिटं चाललो आणि "तू कायम कुठेतरी उशीर झाल्यासारखा चालतोस," एवढं ऐकून परत आलो. ते खरं होतं. आयटीवाले सगळे तसेच चालतात.

वारा पडला की त्याचं बिनसायचं. ऑकलंडला असे दिवस थोडे, पण तेव्हा तो शिकवणी रद्द करून घरात बसायचा. मला वाटलं, विक्षिप्तपणा. मग एकदा त्याने सांगितलं. त्याचं गाव समुद्राच्या पातळीखाली, सगळं सपाट, आणि वारा बारा महिने. तो वाऱ्यातच खेळायला शिकला. स्पेनमध्ये एका स्पर्धेत तीन दिवस जोरात वारा होता आणि तीनही दिवस हा पहिला. चौथ्या दिवशी सकाळी उठून व्हॅनचं दार उघडलं तर झाडाचं पान हलत नव्हतं. "मला कळलं, संपलं," तो म्हणाला. त्या दिवशी तो बाविसावा आला. पुढे आयुष्यात पुन्हा तेवढ्या वर गेलाच नाही.

त्याच्या वडिलांबद्दलही त्याने एकदाच सांगितलं. ते गवळी. पोरगा बॉलमागे हिंडतो हे त्यांना कधी पटलं नाही. साठीच्या आधीच त्यांना विसरायला व्हायला लागलं. आधी चाव्या, मग गाईंची नावं, मग माणसं. हा भेटायला जायचा तेव्हा ते परक्याशी करावं तसं हस्तांदोलन करायचे आणि विचारायचे, तुम्ही काय करता? हा सांगायचा, गोल्फ खेळतो. मग ते म्हणायचे, "माझा मुलगाही खेळतो. बरा खेळतो."

"तेवढं एकच कौतुक," तो म्हणाला, "आणि तेही मी समोर नसताना."

मी चहा पुढे केला. त्याच्या घरात जिकडेतिकडे याद्या का लावलेल्या असतात, कॅलेंडर संडासात का आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

गोल्फमध्ये एक गंमत आहे. पन्नाशी झाली की खेळाडू पुन्हा लहान होतो. पन्नाशीपुढच्या व्यावसायिकांची वेगळी स्पर्धा-मालिका असते, आणि तिच्यात शिरण्यासाठी एका दिवसाची पात्रता फेरी. पहिल्या काहींना जागा मिळते, बाकीचे घरी. आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो त्या फेरीची वाट बघत होता. चार वर्षं तो रोज पहाटे धावला, बिअर सोडली, मागच्या अंगणात तासन्‌तास छोटे फटके मारले. "पहिल्या वेळी मी तरुण होतो आणि मूर्ख होतो. आता मूर्खपणा तरी कमी झालाय," म्हणायचा.

२०१५ साली तो पन्नाशीचा झाला. त्या सकाळी त्याच्या दारात खुर्चीवर एक म्हातारा बसलेला दिसला. जवळ जाऊन बघतो तर पेंढा भरलेला बाहुला, याचीच पँट, याचीच टोपी आणि कापसाची दाढी. हॉलंडमध्ये पन्नाशी गाठलेल्याच्या दारात घरचे लोक असा म्हातारा बसवतात म्हणे. याला घरचे नव्हते, म्हणून याने स्वतःच शिवला. समोरचे सरदारजी मला हळूच विचारून गेले, "भाईसाब, कौन गुजर गया?" पोस्टवाली बाई बाहुल्याला 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणून, त्याच्या मांडीवर टपाल ठेवून गेली. हा खिडकीत बसून सगळं बघत होता आणि इतका खूश होता की त्याने बायकोच्या शिऱ्यात काहीही चूक काढली नाही.

फेरी ऑक्टोबरात होती, टाकानिनीहून तासाभरावरच्या एका मैदानावर. त्याने मला कॅडी व्हायला सांगितलं. कॅडी म्हणजे खेळाडूची बॅग उचलून बरोबर चालणारा. मी म्हटलं, "अरे, मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही."

"म्हणूनच. सगळ्यांचे कॅडी सल्ला देतात. तू देऊ शकत नाहीस."

मला तीन कामं नेमून दिली. बरोबर राहायचं, गप्प राहायचं, आणि पहिल्या फटक्याआधी काठ्या मोजायच्या. बॅगेत जास्तीत जास्त चौदा काठ्या चालतात. एक जरी जास्त निघाली तर जितक्या होलना ती बरोबर होती त्या प्रत्येकाला दोन फटके दंड, एकूण चारपर्यंत. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे, त्यामुळे चार फटके म्हणजे त्या पातळीवर सगळंच. पहिलं काम मी नीट केलं. दुसरं मी फारच नीट केलं, चार वर्षं केलं.

फेरीचा दिवस नेमका दसऱ्याचा होता. आई तेव्हा दुसऱ्यांदा आमच्याकडे आलेली. "दसऱ्याला निघतायत म्हणजे काम होणारच," ती म्हणाली. आणि आदल्या दिवशी खंडेनवमी.

बाबा पिंपरीच्या कारखान्यात टर्नर होते. खंडेनवमीला ते घरातली सगळी हत्यारं पुसून पाटावर मांडायचे, अगदी स्क्रू ड्रायव्हरसुद्धा, आणि आई त्यांना हळद-कुंकू लावायची. बाबा गेल्यावरही तिने हे सोडलं नाही. माझ्या लॅपटॉपला दरवर्षी कुंकू लागतं, ऑफिसात मी ते खरवडून काढतो. त्या सकाळी लॅपटॉप झाल्यावर तिने गॅरेजकडे बोट दाखवलं.

"त्यांच्या हत्यारांचं काय?"

"आई, त्याच्या बॅगेला हात लावलेला त्याला चालत नाही."

"मी काय खेळणारे का त्यांच्याशी? उद्या एवढं मोठं काम आहे त्यांचं आणि हत्यारं तशीच जायची?"

तो रेंजवर शिकवायला गेला होता. मी दुसऱ्या दिवशी रजेवर म्हणून सकाळपासून ऑफिसच्या कॉलवर होतो, कानात इअरफोन. मी मान हलवली. आईने गॅरेजमध्ये जुनी चादर पसरली, बॅगेतल्या काठ्या एकेक करून ओळीने निजवल्या, प्रत्येकीला हळद-कुंकू, अंगणातलं पिवळं फूल. मी कॉलवर बोलत बोलत मधेच डोकावलो तर नळाशेजारच्या भिंतीला टेकवलेली एक काठी उचलून ती म्हणत होती, "ही बिचारी एकटीच का राहिली? हिलाही लावू."

ती कुठली काठी ते मला सांगता आलं असतं. जवळून उंच उडवायच्या फटक्यासाठी एक काठी असते, वेज म्हणतात तिला. त्याच्याकडे अशा दोन होत्या, एक नवी आणि एक जुनी. कुठली न्यावी यावर तो आठवडाभर घोळ घालत होता. पूजेच्या आदल्या संध्याकाळी माझ्यादेखत त्याने नवी बॅगेत घातली, जुनी भिंतीला टेकवली, चौदा मोजल्या आणि बॅगेचं झाकण लावलं. हे सगळं मी पाहिलं होतं. पण कानात आमचा मॅनेजर कुठल्यातरी रिलीजच्या तारखेवरून ओरडत होता. पूजा झाली, आई आत गेली. तो यायच्या आत आवरावं म्हणून मी ओल्या फडक्याने काठ्या पुसल्या आणि चादरीवर होत्या त्या सगळ्या बॅगेत भरल्या. झाकण लावलं. कॉल संपला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या होलपाशी त्याने हातमोजा चढवत विचारलं, "चौदा?"

मी बॅगेकडे पाहिलं. आजूबाजूला दोन ऑस्ट्रेलियन खेळाडू, त्यांचे तयार कॅडी, एक पंच. त्याने स्वतः मोजलेल्या काठ्या त्याच्यासमोर मी एक, दोन, तीन करत पुन्हा मोजायच्या याचा मला संकोच वाटला. वडीलधाऱ्यांनी दिलेले पैसे आपण त्यांच्यासमोर मोजत नाही, तसं काहीतरी.

"चौदा," मी म्हणालो.

तिसऱ्या होलला त्याला वेज हवी होती. त्याने बॅगेत हात घातला, एक काढली, बघितली. पुन्हा हात घातला आणि दुसरी काढली. दोन्ही हातांत दोन काठ्या घेऊन तो उभा राहिला. मला तो क्षण फार लांब आठवतो, पण असेल पाच-सात सेकंदांचा. वारा मस्त होता, त्याला हवा तसा.

"कुणी बघितलं नाहीये," मी पुटपुटलो. हे मी बोललो याचीही मला लाज वाटते.

त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं, मग एका ऑस्ट्रेलियनला हाक मारली आणि म्हणाला, "माझ्याकडे पंधरा आहेत." पंच आला. जुनी वेज आता वापरायची नाही म्हणून बॅगेत उलटी खोचली गेली. चार फटके कार्डावर चढले. त्यानंतर तो जे खेळला ते माझ्यासारख्या न कळणाऱ्यालाही कळलं. लोक आपला खेळ सोडून बघायला थांबले. संध्याकाळी फळ्यावर आकडे लागले तेव्हा तो तीन फटक्यांनी बाहेर होता.

तो कार्डावर सही करायला गेला तेव्हा मी उलट्या काठीच्या मुठीवरचा कुंकवाचा डाग पाहिला. टॉवेल ओला केला आणि पुसून टाकला. चूक मी आदल्या दिवशी केली होती, ती नजरचूक होती. हा डाग मी शुद्धीत राहून पुसला.

गाडीत सांगायचं असं ठरवून बसलो होतो. तो गाडी चालवत होता. मग म्हणाला, "मी ती भिंतीला टेकवली होती. नळाजवळ. मला अजून दिसतेय ती तिथे. पण ती बॅगेत होती." थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे मला जे दिसतं ते खरं नसतं. वडिलांचं असंच सुरू झालं."

आणि मला हायसं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. संशय माझ्यावर नाही हे कळल्यावर पहिल्यांदा मला हायसं वाटलं, दुसरं सगळं नंतर. मी म्हणालो, "असं होतं रे कधीतरी."

घरी आईने विचारलं, "झालं का रे त्यांचं काम?"

"थोडक्यात हुकलं."

ती फार हळहळली. तिला कळू नये म्हणून ती परत जाईपर्यंत गप्प राहिलो. ती गेली. मग नाताळ आला. बायकोला मी पहिल्याच रात्री सांगितलं होतं. ती म्हणायची, "सांगून टाक रे. फार तर चिडेल, घर सोडायला सांगेल. सांगून मोकळा हो." मी म्हणायचो, या वीकेंडला सांगतो. एकदा ती चिडली, "तू सांगत नसशील तर मी जाऊन सांगते." मी तिचा हात धरला. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, आणि खरं तर तिने काढायला हवा होता असं मला वाटतं. पण तिच्यावर कशाला ढकलू?

त्याचं मात्र एकेक सुटत गेलं. पुढच्या वर्षीच्या फेरीला त्याने नाव दिलं नाही. डॉक्टरकडे गेला, तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. "वडिलांनाही सुरुवातीला ठीकच म्हणाले होते," तो म्हणाला. पन्नाशीत कोण चाव्या विसरत नाही? मी आज चाळिशीत चष्मा डोळ्यांवर ठेवून शोधतो. पण त्याची चावी हरवली की तो ते वहीत लिहून ठेवायचा, तारीख-वेळेसकट. त्या वहीची पानं मी भरताना पाहिली. दूध आणायला डेअरीत जाताना रस्ता कुठून, हे तो कागदावर काढून नेऊ लागला. कागद खिशातच राहायचा, रस्ता तर त्याला पाठ होता, पण कागदाशिवाय तो निघत नसे. मग शिकवणं सोडलं, "विद्यार्थ्याची चूक माझ्या लक्षात राहिली नाही तर?" म्हणून. मग गाडी विकली. लायसन्स खिशात असूनही तो चाकामागे बसेना, कुणाला तरी उडवीन म्हणायचा. शनिवारी त्याला सामान आणायला मीच माझ्या गाडीतून न्यायचो. "तू भला माणूस आहेस," तो म्हणायचा. प्रत्येक वेळी मी ते ऐकून घेतलं.

२०१९ साली त्याने घर विकायला काढलं. हॉलंडमध्ये बहीण होती, तिच्या गावात विसरणाऱ्या माणसांची नीट काळजी घेतात, तिथे आत्तापासून नाव घातलेलं बरं, असा हिशेब. बहिणीने खोलीही रंगवून ठेवली होती. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, कसलंही दुखणं नसलेला माणूस म्हातारा व्हायला निघाला होता.

जायच्या दोन दिवस आधी सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो. तो खोकी बांधत होता. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. आईची पूजा, चादर, कॉल, न मोजलेल्या काठ्या, कुंकवाचा डाग. वाक्यं मी चार वर्षं पाठ केली होती, तरी एकही नीट आलं नाही.

तो खोक्यावर बसला. त्याने विचारलं, "जुनी वेज कुठे होती?"

"भिंतीला टेकवलेली."

"कुठल्या?"

"नळाशेजारच्या."

"नळाच्या डाव्या बाजूला?"

"हो, डाव्या."

"मूठ वर होती की खाली?"

"वर."

त्याने डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. मला वाटलं, रडतोय. रडत नव्हता. डोळे उघडले तेव्हा तो शांत होता आणि माझी भीती आणखी वाढली.

"म्हणजे मला दिसत होतं ते बरोबर होतं," तो म्हणाला.

"हो."

"चार फटके मी त्याच संध्याकाळी सोडून दिले असते. तुझ्या आईने पूजा केली म्हणून मला आनंदच झाला असता. पुढच्या वर्षी परत खेळलो असतो." मग म्हणाला, "पण मी चार वर्षं रोज सकाळी उठून आधी हे बघितलं, की आज माझं नाव मला आठवतंय का. आणि तू मला दुकानात नेऊन आणत होतास."

मी म्हटलं, मला माफ कर. म्हटलं, जाऊ नकोस. घर विकलं तर विकलं, दुसरीकडे राहता येईल, आम्ही आहोत.

"माफ करण्यासारखं असतं तर केलं असतं," तो म्हणाला. चिडून नाही, मीठ जास्त आहे म्हणताना जसा म्हणायचा तसा. "आता जा. मला खोकी बांधायची आहेत."

दोन दिवस आम्ही समोरासमोर आलो नाही. विमानतळावर सोडायचं मात्र माझ्याकडेच ठरलेलं होतं. टॅक्सी बोलावेल असं वाटलं होतं, पण ठरल्या वेळेला, मिनिटही न चुकवता, तो दोन बॅगा घेऊन माझ्या गाडीपाशी येऊन उभा राहिला. गोल्फची बॅग त्यात नव्हती. मी डिकी उघडली, बॅगा ठेवल्या. चालकाच्या बाजूला वळलो तर तो तिथे उभा होता, हात पुढे केलेला.

"चावी," तो म्हणाला.

मी दिली. त्याने सीट मागे सरकवली, आरसे लावून घेतले आणि गाडी रस्त्यावर काढली. मी शेजारी बसलो. मोटरवेवर कामं चालू होती, डायव्हर्जनचे बोर्ड होते, मी स्वतः तिथे दोनदा चुकलेलो. तो चुकला नाही. लेन बदलताना दर वेळी मान वळवून बघत होता. विमानतळावर त्याने दोन गाड्यांमधल्या चिंचोळ्या जागेत एका दमात गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

"मला हे येतं, हे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. त्याने बॅगा उचलल्या आणि तो आत गेला.